वाघिणीचा आडोसा परत द्या: बचाव केंद्राच्या विश्वस्तांना खुलं पत्र

विश्वस्त मंडळातल्या सगळ्यांना आणि व्यवस्थापकांना,

नमस्कार.

मी तुमची एक वर्गणीदार. तुमच्याकडे सर्कशीतून आलेली, डाव्या कानाचा तुकडा गेलेली जी वाघीण आहे ना, तिच्या नावाने गेली सहा वर्षं दर महिन्याला माझ्या खात्यातून पैसे जातात आणि तिच्या फोटोचं दत्तक प्रमाणपत्र माझ्या टेबलासमोर भिंतीवर आहे. तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायची गरजही नाही. मी आधी दोन मेल केले. पहिल्याला ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर आलं, दुसऱ्याला तेवढंही नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. भांडायला नाही, पण गप्प बसणंही आता जमेना.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले तेव्हा सकाळी सात-आठ जणांची एकच बॅच असायची. एक कीपर बरोबर, हळू बोला म्हणून सांगायचा आणि स्वतःही हळूच बोलायचा. त्या वाघिणीच्या कुंपणापाशी आम्ही दीड तास उभे होतो आणि त्या दीड तासात मला काय दिसलं, तर उंच गवताच्या मागे एक कान. मागच्या बाजूने, काळा आणि मधोमध तो पांढरा ठिपका, माशी बसली की हलायचा. बस. मग वारा फिरला आणि एकदम शिजलेल्या भातासारखा वास आला, मी इकडेतिकडे बघायला लागले तर कीपर हसला, म्हणाला तीच आहे ती, सकाळीच झाडावर फवारा मारून गेलीय. वाघाच्या त्या खुणेच्या फवाऱ्यात सुवासिक तांदळात असतं तेच द्रव्य असतं, रतनलाल ब्रह्मचारी या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं, हे मी नंतर घरी येऊन वाचलं. एक कान आणि भाताचा वास एवढंच घेऊन मी घरी गेले आणि त्याच आठवड्यात वर्गणी सुरू केली.

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन आले. तुमच्या फाटकावर आता मोठा बोर्ड आहे, ‘प्राणी हमखास दिसतील, नाही दिसले तर पैसे परत’. आणि खरंच, चाळीस मिनिटांत अकराच्या अकरा दिसले. भाचा खूश. मी परतीच्या वाटेवर काहीच बोलले नाही, त्यालाही कळेना मावशीला काय झालं ते.

काय झालं ते सांगते. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा कळलंच नाही की आपण त्याच कुंपणासमोर उभे आहोत, कारण गवत नव्हतं. सगळं भुईसपाट कापलेलं, झुडपं छाटलेली, पुढच्या बाजूला तट्ट्यांचा जो आडोसा होता तो काढून तिथे काच लावलेली. मागे तिच्या निवाऱ्याचं सरकतं दार बंद आणि त्याला बाहेरून कुलूप. स्वयंसेवक मुलीला विचारलं तर ती अगदी सहज म्हणाली, बघायची वेळ असते तेव्हा बंदच ठेवायला सांगितलंय, नाहीतर ते सगळे आत जाऊन झोपतात ना. आणि ती वाघीण काचेपासून सगळ्यात लांबच्या कुंपणाला लागून येरझारा घालत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपऱ्यात आली की मान डावीकडे झटकायची, वळायची, परत तेच. मान झटकायची जागाही ठरलेली, तिथल्या खांबावर घासून घासून रंग गेलाय. जमिनीवर बैलगाडीच्या चाकोरीसारखी एक पट्टी पडलीय, तिच्यावर गवत सोडा, मातीसुद्धा चकचकीत झालीय. मी मोजलं. एक फेरी अकरा सेकंद. आम्ही तिथे होतो तोवर एकदाही थांबली नाही. माझ्या शेजारचे गृहस्थ पोराला सांगत होते, बघ कशी ऐटीत चालतेय.

तर माझ्या तक्रारी. पहिली हीच, आणि बाकीच्या सगळ्या हिच्यापुढे लहान आहेत असं मला वाटतं: तुम्ही त्यांची लपायची जागा काढून घेतलीत.

वाघ, बिबट्या हे जनावरच मुळी आडोशाचं आहे हो. त्याचे पट्टे, त्याचे ठिपके, दबकत चालणं, सगळं न दिसण्यासाठी आहे. त्याला दिसायला लावणं म्हणजे दिवसभर दिवाणखान्यात मधोमध उभं करणं, खुर्ची नाही, आतल्या खोलीचं दार बंद. आणि हे मी नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाही, यावर मोजून मापून काम झालंय. क्लाउडेड लेपर्डवर, म्हणजे झाडावर राहणाऱ्या, मोठ्या ढगाळ ठिपक्यांच्या त्या मांजरावर, २००२ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात ज्यांना लोकांसमोर ठेवलं होतं त्यांच्या विष्ठेत ताणाच्या हार्मोनचे अंश जास्त मिळाले आणि ज्यांना उंच चढून बसायला जागा होती त्यांच्यात कमी. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवलं की ज्या शिकारी प्राण्यांचा जंगलातला वावर जितका लांबलचक, तितक्या पिंजऱ्यात त्यांच्या येरझारा जास्त. म्हणजे हा आजार काही रहस्य नाही. जागा वाढवणं तुमच्या हातात नसेल एकवेळ, मान्य, पण दार उघडं ठेवायला काय लागतं? ते तर आधी उघडंच होतं!

भाच्याने परत येताना विचारलं, ‘मावशी, तिला आत जायचं असेल तर ती कुणाला सांगते?’ मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येत असेल तर त्याला कळवा.

दुसरं ते दुपारचं खाऊ घालणं. लांब चिमट्यात मांसाचा तुकडा धरून पाहुण्यांनी जाळीतून सिंहाला भरवायचा आणि तो मागच्या पायांवर उभा राहून जाळीला लटकला की सगळ्यांनी फोटो काढायचे. ज्या सिंहाला तुम्ही उभं करता त्याची नखं काढलेली आहेत, हे तुमच्याच जुन्या पाटीवर लिहिलेलं होतं. मांजरकुळात नख काढणं म्हणजे आपण नखं कापतो तसं नसतं, बोटाचं शेवटचं हाडच छाटतात, आणि ही जनावरं चालतात बोटांवर. त्यामुळे पुढे म्हातारपणी सांधे धरतात. खाली उतरताना तो पुढचे पाय कसे टेकवतो बघितलंय का कुणी? मी बघितलं, आधी एक टेकवला, थांबला, मग अंग एका बाजूला टाकून दुसरा. त्या दिवशी असं सहा वेळा केलं त्याने, कारण सहा जणांनी पैसे भरले होते. शिवाय रोज घड्याळ लावून ठरल्या वेळी खायला मिळालं की त्याच्या आधीचा तासभर सगळी जनावरं अस्वस्थ फिरत राहतात हे कुठलाही अनुभवी कीपर सांगेल, वेळा बदलत्या ठेवायच्या, मांस लपवून ठेवायचं, शोधायला लावायचं, हे तुमच्याकडे आधी होत होतं. मी स्वतः पुठ्ठ्याची खोकी गोळा करून पाठवलीयेत त्यासाठी, एका वर्षी तर सोसायटीतल्या लोकांनी मला खोकीवाल्या बाई म्हणायला सुरुवात केली होती.

तिसरी गोष्ट बछड्यांची. ही लिहायला मला जड जातंय.

ऑफिसच्या मागच्या खोलीत दोन बछडे आहेत, मोठ्या देणगीदारांना त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढता येतो. सोडवून आणलेत असं सांगितलं गेलं. कुठून, ते कुणालाच नीट सांगता येईना, आणि त्याच स्वयंसेवक मुलीच्या तोंडून निघून गेलं की ‘आपल्याकडेच झाले’. तिच्यावर राग काढू नका, ती खरं बोलली. पण मग प्रश्न असा की बचाव केंद्रात पिल्लं होतात कशी? नर-मादी वेगळे ठेवणं, नसबंदी करणं, ही या कामातली बाराखडी आहे. २००७ मध्ये अशा केंद्रांसाठी जागतिक पातळीवर जी मान्यता देणारी संघटना उभी राहिली, ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्चुरीज, तिच्या मूळ अटीच या आहेत की पैदास नाही, खरेदी-विक्री नाही, लोकांचा थेट स्पर्श नाही. तुमच्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय निकषांनुसार’ असं छापलंय. कुठले निकष?

आता माझं. माझ्याकडे एक फोटो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी फिरायला गेले होते तिथे असंच पैसे भरून वाघाचं पिल्लू मांडीवर घेतलं होतं, बाटलीने दूध पाजलं होतं, आणि तिथल्या माणसाने सांगितलं होतं की आईने टाकलंय हो, तुमच्या पैशातूनच याचा सांभाळ होतो. मी ढसाढसा रडले होते तेव्हा, इतकं छान वाटलं होतं. पिल्लू सारखं झोपत होतं आणि तो माणूस टिचकी मारून त्याला जागं करत होता. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की यात आई टाकत वगैरे काही नाही. जंगलात बछडे साधारण दोन वर्षं आईबरोबर राहतात, इथे ते दूध पितानाच काढून घेतात, कारण मांडीवर घेण्याजोगं वय जेमतेम तीन-चार महिने टिकतं, आणि पिल्लं काढून घेतली की आई लवकर परत माजावर येते म्हणजे पुढची खेप तयार. मग मोठ्या झालेल्यांचं काय होतं? थायलंडमधल्या त्या प्रसिद्ध ‘टायगर टेंपल’मधून, म्हणजे वाघ पाळणाऱ्या बौद्ध मठातून, २०१६ साली सरकारने १४७ वाघ ताब्यात घेतले, फ्रीजरमध्ये चाळीस मेलेले बछडे सापडले, आणि २०१९ पर्यंत त्या १४७ पैकी ८६ वाघ मेले होते. आपापसातल्या संकरामुळे अंगात ताकदच नव्हती, डिस्टेंपर नावाच्या विषाणूच्या आजाराने गेले. तिथेही लोक मांडीवर घेऊन फोटोच काढत होते. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून हा लोकांनी हात लावायचा प्रकार बंद केला. भारतात तर सर्कशीत वाघ-सिंह-बिबटे नाचवायला १९९८ सालीच बंदी आली आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. मंडपातून बाहेर काढलेलं जनावर तुम्ही ऑफिसच्या मागच्या खोलीत परत खेळाला लावणार असाल तर माझ्यासारख्या मूर्खांची नवी पिढी तुम्हीच तयार करताय.

रोगाचाही मुद्दा आहे, तो पटकन सांगते. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये चार वर्षांच्या वाघिणीला कोविड झाला, कीपरकडूनच लागला असावा असं ठरलं, आणि मग तिथले एकूण आठ वाघ-सिंह पॉझिटिव्ह निघाले. तो तर प्रशिक्षित माणूस होता. तुमच्या त्या खोलीत मी गेले तेव्हा हात धुवायला बेसिन होतं, साबण नव्हता.

चौथं, पांढरा वाघ. त्याच्या पिंजऱ्यावर ‘दुर्मीळ, वाचवायला हवा असा’ असं लिहिलंय. सोडवून आणलात, उत्तम केलंत, त्याला जन्मभर सांभाळायलाच हवं. पण दुर्मीळ प्रजात वगैरे काही नाही ती, साधाच वाघ, फक्त रंगाचा दोष. आज पिंजऱ्यात दिसणारे बहुतेक पांढरे वाघ १९५१ साली रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या एकाच वाघाच्या वंशातले आहेत, त्याचा त्याच्याच मुलीशी संकर करून ही ओळ सुरू झाली आणि पुढेही घरातल्या घरातच वाढवत नेली. तुमच्या वाघाचे डोळे तिरळे आहेत ते गोंडस म्हणून नाही, डोळ्याच्या नसा मेंदूत जिथे पोचायच्या तिथे पोचत नाहीत म्हणून. हे लिहा ना पाटीवर! लोक वाचतात. त्या दिवशी माझ्यासमोर एक आजोबा पाटी मोठ्याने वाचून नातीला समजावत होते, त्यांना चुकीचं वाचायला लावलंत तुम्ही.

पाट्यांवरून आठवलं. आधी प्रत्येक जनावराची कथा लिहिलेली असायची, कुठून आलं, काय झालं होतं, आता काय दुखतं. त्या काढून ‘माझं नाव अमुक, मला आवडतं मटण आणि झोप’ अशा रंगीत पाट्या लावल्यात. काचेवर टकटक करू नये ही पाटी मात्र कुठेच नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. मोठं मांजर पिंजऱ्यात वीस-वीस वर्षं जगतं, रोज किलोंनी मांस खातं, कुंपण, डॉक्टर, बेशुद्धीची औषधं, कीपरचे पगार, आणि त्यातून एक पैसा परत येत नाही. वर्गणीदार दोन वर्षांनी गळतात हेही मला माहितीय, माझ्याच तीन मैत्रिणी गळल्या. लोक आले तर पैसे येतात आणि लोकांना दिसायला हवं असतं, हे गणित मी समजू शकते. पण हमखास दिसण्याची हमी दिलीत त्या दिवशी तुम्ही ते जनावर परत मालाच्या यादीत टाकलंत, आणि ज्यांनी त्याला आधी तसं वागवलं त्यांच्याकडूनच तर सोडवून आणलं होतं ना? बरं, दुसरे मार्ग नाहीत असंही नाही. निवाऱ्यात कॅमेरा लावून बाहेर स्क्रीनवर झोपलेली वाघीण दाखवा, मी तरी अर्धा तास बघेन. काचेऐवजी फटी ठेवलेली भिंत करा, म्हणजे आम्ही बघू आणि तिला आम्ही घोळक्याने दिसणार नाही. ज्या कीपरने मला कान दाखवला त्याला अर्धा तास बोलू द्या, तो बोलायला लागला की माणसं खिशात हात घालतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो आता कुठे आहे, विचारलं तर कुणी सांगितलं नाही.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

निवाऱ्याची दारं बघायच्या वेळेत उघडी राहिली पाहिजेत, आजपासून, त्याला मीटिंग लागत नाही. गवत वाढू द्या, आडोसे परत लावा, पैसे परतचा बोर्ड काढा. चिमट्याने भरवणं बंद, निदान त्या नखं काढलेल्या सिंहाचं तरी या आठवड्यात बंद करा आणि त्याचे पाय जनावरांच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. बछड्यांना लोकांच्या हातात देणं थांबवा, ते कुठून आले, त्यांची आई कोण, ती आता कुठे आहे हे लेखी जाहीर करा, आणि यापुढे पैदास होणार नाही यासाठी काय केलंत तेही. जुन्या पाट्या गोदामात असतील तर परत लावा. आणि वर्षाचा हिशोब वर्गणीदारांना पाठवा, दोन वर्षं आलेला नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांना एकच विनंती, केंद्रावर जाऊन आरडाओरडा करू नका, कीपर लोकांना सुनावू नका, ती मुलं उन्हात राबतात आणि त्यांच्या हातात काही नाही. विश्वस्तांना लिहा. आणि तुम्ही कुठलंही असं केंद्र बघायला जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा, जनावराला लपायला जागा आहे का आणि पिल्लांना हात लावता येतो का. पहिल्याचं उत्तर नाही किंवा दुसऱ्याचं हो असेल तर जाऊ नका.

माझी वर्गणी मी बंद केलेली नाही. वाघिणीने काय चूक केलीय. पण ती मी यापुढे फक्त मांस आणि औषधपाण्यासाठी देतेय असं तुमच्या ऑफिसला लेखी कळवलंय, त्याची पोच अजून आलेली नाही, ती पाठवा.

पुढच्या महिन्यात भाच्याला परत घेऊन येणार आहे. त्याला मी सांगून ठेवलंय की या वेळी बहुतेक फक्त कान दिसेल. तो दुर्बीण आणतोय.

एक वर्गणीदार
(कानफाटक्या वाघिणीची)